शंभर पावलांचा अर्धा तास

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एका बाबांचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच देत नाही. वय पस्तीस, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, मुलगा सव्वादोन वर्षांचा. आई फोंड्यात नोकरीला, त्यामुळे दिवसभर मुलगा आजीपाशी. बाबा संध्याकाळी साडेसहाला घरी येतात आणि त्याला घेऊन दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. ते लिहितात: "दुकान घरापासून शंभर पावलांवर, पण अर्धा तास लागतो. मुंग्या बघतो, प्रत्येक फाटकाची कडी वाजवतो, दगड गोळा करतो. ओढून आणलं तर रस्त्यात लोळण घेतो. दिवसभर 'नाका, नाका' (नको, नको). सगळे म्हणतात हे दिवस परत येणार नाहीत, मजा करून घे. मला मजा येत नाही, घाई होते, आणि मग रात्री वाईट वाटतं. माझ्या सहकाऱ्याचा मुलगा याच वयाचा, तो एबीसीडी म्हणतो, रंग ओळखतो. आमचा 'उदक जाय' (पाणी हवं), 'पप्पा गाडी' एवढंच. बायको सावंतवाडीची, ती मराठी बोलते. मी आणि आई कोंकणी. सहकारी म्हणतो, घरात इंग्लिशच बोला, नाहीतर मूल गोंधळतं. जेवताना त्याला मोबाइल लागतो. रात्री जाग आली की हाक आजीलाच. जूनपासून प्लेस्कूलला घातलं तर सुधारेल का? की मीच कमी पडतोय?"

नमस्कार.

आधी मजेचं बोलू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मला तेच दिसतं. सव्वादोन वर्षांच्या मुलाबरोबरचा बराचसा वेळ मोठ्या माणसाला कंटाळवाणा वाटतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तोच दगड आठव्यांदा दाखवल्यावरही मनापासून "अरे वा!" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. "एकेक क्षण जगून घे" असं तुम्हाला सांगणाऱ्यांची मुलं बहुधा आज पंचविशीत असतील. रात्री तीन वाजता बदललेली चादर, तापातली रडारड हे त्यांच्या आठवणीतून केव्हाच पुसलं गेलंय आणि गोड तेवढं उरलंय. त्यांचं ऐकून मान हलवा आणि कामाला लागा. आनंद झालाच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करून निघालेला माणूस शिगम्याची मिरवणूक बघायला गेला तरी वैतागून परत येईल.

आता त्या शंभर पावलांबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे: मुंग्या, कडी, दगड. जरा बघा तो काय करतो ते. उकिडवा बसतो, तोल सांभाळत उठतो. खडा दोन बोटांच्या चिमटीत धरतो. मुंगी पानाखाली गेली की ती पलीकडून निघेल म्हणून वाट बघतो. जे दिसत नाही ते आहे, हे त्याला कळलंय. कडी वाजवली की आवाज येतो आणि कधीकधी आतून कुत्रा भुंकतो, हा कार्यकारणभाव तो रोज तपासून घेतोय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात या वयाच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हालचाल हवी असं म्हटलं आहे. त्यातला अर्धा तास तुम्ही रोज न ठरवता देताय, आणि वर स्वतःला कमी पडणारा बाप म्हणवताय!

अडचण एवढीच आहे की तुम्ही दुधासाठी निघता आणि तो रस्त्यासाठी. दोघांची कामं वेगळी, पाय बांधलेले मात्र एकत्र. तेव्हा एक सोपी वाटणी करून बघा. दूध आणायचं असेल तेव्हा एकटे जा. वेर्ण्याहून येताना वाटेत घेतलंत तर उत्तमच. त्याला घेऊन निघाल तेव्हा कुठेही पोचायचं ठेवू नका. वीस मिनिटं जायचं आणि तिथून परत फिरायचं, मग ते दुसऱ्या फाटकापर्यंत झालं तरी चालेल. फोन घरी ठेवा. वीस मिनिटंच ठेवा, जास्त नको. मोठ्या माणसाची सहनशक्तीही मोजकीच असते, आणि तुम्ही तर बोरीचा पूल ओलांडून, दिवसभर राबून आलेले असता.

तो बघतोय ते तुम्हीही बघितलंच पाहिजे असं नाही. शेजारी उभे राहा, तो काही दाखवेल तेव्हा त्या वस्तूचं नाव सांगा, एखादं वाक्य बोला. "मुंगी खाऊ नेतेय." बस्स. प्रश्नांची सरबत्ती नको. "हा कोणता रंग? ही मुंगी किती पायांची?" हे सुरू झालं की फिरणं संपलं आणि तोंडी परीक्षा सुरू झाली. दोन वर्षांच्या मुलालाही हा फरक कळतो. तुमचा तर "नाका" म्हणून मोकळा होत असेल, शहाणा आहे.

लोळण. साडेसहा-सात ही या वयाची सगळ्यात वाईट वेळ. भूक लागलेली, झोप दाटून आलेली, आणि दिवसभर न दिसलेला बाप समोर, म्हणजे उत्साहही शिगेला. त्याची झोप एकदा तपासा. या वयाला दुपारची धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. आजीला दुपारी काम असतं म्हणून तो पाचला झोपत असेल, किंवा झोपतच नसेल, तर संध्याकाळचा निम्मा हट्ट तिथून येतो. बाहेर पडण्याआधी पोटात काहीतरी घाला: केळं, वाटीभर तिझन (नाचणीची खीर), पेजेची वाटी. नुसत्या एवढ्यानेही बरीच लोळणं टळतात.

उरलेल्यांसाठी दोन गोष्टी. "पाच मिनिटांनी जाऊया" याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही, मिनिट त्याने अजून बघितलेलंच नाही. त्याला दिसेल असं सांगा: "आणखी दोन फाटकं वाजवायची आणि घरी." दोन वाजवून झाली की मात्र खरंच निघायचं, तिसऱ्यावर तुम्ही विरघळलात तर उद्यापासून तुमच्या "दोन"ला किंमत राहणार नाही. दुसरं, निवड त्याला द्या, पण दोन्ही पर्याय तुमच्या सोयीचे ठेवा. "घरी जायचं का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. "चालत जाणार की पप्पांच्या खांद्यावर?" असं विचारा. या वयात मुलाला आपलंही काही चालतं हे नुकतंच कळलेलं असतं. ते वापरून बघायचा मोह त्याला आवरत नाही आणि आपल्याला राग येतो. त्याचं "नाका" तुमच्याविरुद्ध असतं असं नाही, बऱ्याचदा ते स्वतःच्या बाजूने असतं.

एवढं करूनही लोळलाच, तर उचलून रस्त्याच्या कडेला न्या आणि जवळ बसा. समजावू नका, त्या क्षणी त्याला काही ऐकू येत नसतं. धमकी नको, चॉकलेट नको, फोन तर नकोच. काही मिनिटांत उतरतं. शेजारच्या काकी व्हरांड्यातून बघत असतील, बघू द्या. त्यांच्याही मुलांनी याच रस्त्यावर कपडे मळवले आहेत. रस्त्यावर हात धरणं आणि विहिरीपासून लांब राहणं या दोन गोष्टींत मात्र निवड नाही, हसून सोडून देणं नाही. तुमच्या आवारात विहीर असेलच. तिला जाळी आहे का ते आज बघा. धुण्याच्या टबात वीतभर पाणी साठवून ठेवत असाल तर तेही रिकामं करत जा, या वयाच्या मुलाला तेवढंही घातक ठरतं. देवळाच्या तळीवर मासे दाखवायला नेता तेव्हा हात सोडू नका.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे येऊ, ज्याच्याबद्दल मला तुमच्याइतका आदर वाटत नाही. सव्वादोन वर्षांचा मुलगा एबीसीडी म्हणतो तेव्हा तो एक गाणं म्हणतो. छान आहे, म्हणू दे. पण त्यावरून तो पुढे आणि तुमचा मागे असं काही ठरत नाही. रंगांची नावं बरीच मुलं तिसऱ्या वर्षाच्या आसपास पक्की करतात. त्याआधी सगळंच तांबडं असणं अगदी नेहमीचं. "पप्पा गाडी" मात्र वेगळी चीज आहे. दोन शब्द त्याने स्वतः जोडले, कुणी पाठ करून घेतले नाहीत. पप्पा गाडीवरून आले, पप्पांची गाडी, पप्पा मला गाडीवर घ्या, यातलं काहीही तो त्यात बसवत असेल. दोन वर्षांच्या सुमाराला मुलांनी असे शब्द जोडावेत अशी अपेक्षा असते आणि तो ते करतोय.

घरात इंग्लिश बोला हा सल्ला कचऱ्यात टाका. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं याला आधार नाही. ते शब्दांची सरमिसळ करतं, आईकडे "उदक" मागतं आणि आजीकडे "पाणी", पण म्हणून ते गोंधळलेलं नसतं. मिळेल तो शब्द हातात घेऊन काम भागवतं. शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. बरेच पालक फक्त एकाच भाषेतले मोजतात आणि उगाच घाबरतात. आणि ज्या भाषेत तुम्हाला सहज चेष्टा करता येत नाही, रागावता येत नाही, त्या भाषेत मुलाशी बोलू लागलात तर बोलणंच निम्म्यावर येईल. त्याच्या आईने सावंतवाडीच्या मराठीत बोलावं, तुम्ही आणि आजीने कोंकणीत. इंग्लिश त्याला गोव्यात चुकणार आहे थोडंच? प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडणं झाली, २०११ मध्ये इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून मोर्चे निघाले. ते भांडण त्याच्या वाटेला येईल तेव्हा येईल. आत्ता अंगणात नको.

काळजी कधी करायची तेही सांगते, कारण असंच पत्र लिहावंसं वाटणारे आणखी कितीतरी आईबाप आहेत. दोन वर्षं उलटली तरी दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारली तर वळून बघत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, किंवा आधी येणारे शब्द बोलायचं थांबलं असेल, तर "बाप पण उशिराच बोलला होता" म्हणून बसू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ती चुकवू नका. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नाहीतर तुमचे बालरोगतज्ज्ञ आहेत, पुढे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ आहे. तपासून काही निघालं नाही तर एक सकाळ गेली, एवढंच.

जेवणाबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते अडीच किलोच्या आसपासच वाढतं. भूक त्या मानाने कमी होणारच. घरातल्यांना मात्र वाटतं, पोर जेवेनासं झालं, आणि मग मोबाइल येतो. मोबाइलसमोर मूल खातं हे खरं, पण पोट भरलं की थांबायचं हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि बांगडा खातोय की भोपळा हेही. पानात काय आणि केव्हा वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा पुढे आल्यावर मग मुलं तोंडात घालतात, तेव्हा दुसऱ्या नकारावर हार मानू नका. तुमच्याबरोबर पानावर बसवा. तिखट घालण्याआधी थोडं हुमण (माशाची आमटी) बाजूला काढा, माशाचे काटे दोनदा चाचपून बघा, भात त्याचा त्याला कालवू द्या. जमीन खराब होईल, पुसा. दुधाची बाटली दिवसातून चार वेळा जात असेल तर जेवण जाणार नाहीच. अर्धा लिटर पुरे. आणि काजूचा मोसम आहे म्हणून सांगते, अख्खा काजूगर किंवा शेंगदाणा एवढ्या लहान मुलाच्या हातात देऊ नका, घशात अडकतो. कूट करून द्या.

मोबाइल एका रात्रीत बंद करू नका, आजीवर संकट येईल. आधी एका जेवणाचा बंद करा. रात्रीचा, कारण तेव्हा तुम्ही घरी असता आणि रडणं तुम्हाला ऐकावं लागेल. दोन वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं बरं, असं त्याच २०१९ च्या सूचनांत आहे. तुमचा फोनही त्याच वेळी टेबलावरून उठला पाहिजे, हे ओघाने आलं.

प्लेस्कूल. त्याला "सुधारायला" घालणार असाल तर नको, कारण सुधारण्यासारखं मला काही दिसलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षणाचा पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला आहे आणि त्यातला सुरुवातीचा भाग खेळाचाच आहे. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिकही तीन वर्षांपासून. तेव्हा उशीर झालेला नाही. मात्र एक कारण मला पटेल, जे तुम्ही लिहिलेलं नाही: आजी. सव्वादोन वर्षांच्या मुलामागे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा धावायचं, म्हणजे काय गंमत आहे का? त्यांचे गुडघे कसे आहेत, दुपारी पाठ टेकायला मिळते का, हे तुम्ही कधी विचारलंत? त्यांना सकाळचे दोन-अडीच तास मोकळे हवे असतील तर जवळचं, छोटं प्लेस्कूल बघा. बघायला गेल्यावर भिंतीवरच्या चित्रांकडे बघू नका. एका बाईंच्या वाट्याला किती मुलं, फाटकाला कडी आहे का, पहिले काही दिवस आजीला बसू देतात का, मूल रडलं तर नेमकं काय करतात, ते विचारा. "आमच्याकडे मुलं रडतच नाहीत" असं उत्तर आलं तर तिथून निघा. टेबलावर वह्या आणि एबीसीडी गिरवणं दिसलं तरीही.

आणि तो रात्री आजीला हाक मारतो याचं वाईट वाटून घेऊ नका. दिवसाचे दहा तास ज्या माणसाकडून मायेने मिळतात त्याला तो हाक मारणार. एका माणसावर एवढा विश्वास टाकता आला म्हणजे दुसऱ्यावरही टाकता येतो. तुमची जागा भरली गेलेली नाही, ती अजून बरीचशी रिकामी आहे.

ती कशी भरायची याबद्दल शेवटचं, थोडं स्पष्टच. तुमच्या पत्रात मुलाची आई दोनच ठिकाणी आहे: ती नोकरी करते आणि ती मराठी बोलते. आंघोळ कोण घालतं, नखं कोण कापतं, रात्री चड्डी ओली झाली तर कोण उठतं, याबद्दल एक अक्षर नाही. फिरायला नेणं हा बापाचा वाटा आणि बाकीचं बायकांचं, असं तुमच्या घरी नकळत ठरलंय का? असेल, तर मजा न येण्याचं एक कारण मला तिथेच दिसतं. मुलांबरोबरची मजा सहसा वेगळी काढून ठेवलेली नसते, ती कामाच्या मध्येच सापडते. डोक्यावरून तांब्या ओतल्यावर तो श्वास रोखून कसा बघतो, साबणाच्या फेसाची दाढी लावून कसा आरशात "पप्पा" म्हणतो, हे फिरायला नेणाऱ्या बापाला दिसत नाही. ते आंघोळ घालणाऱ्याला दिसतं.

तेव्हा येत्या रविवारी असं करा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की मुलाला घेऊन तुम्ही बाहेर जा. पैसे त्याच्या हातात द्या, उंडे (गोल पाव) त्याला घेऊ द्या. एखादा वाटेतच कुरतडला जाईल. बायकोला उठवू नका. आईला सांगा, आज बारापर्यंत तुला सुट्टी. मग आंघोळ तुम्ही घाला. पाणी किती गरम, टॉवेल कुठे, कानात पाणी गेलं तर काय, हे हाक मारून कुणाला विचारायचं नाही. पाणी कोपराने तपासा, टॉवेल शोधा. पहिल्या रविवारी तो तुमच्या नावाने बोंब मारेल, कारण आजीची पद्धत वेगळी आहे. तरी पुढच्या रविवारी पुन्हा तुम्हीच घाला.